आधी मागचा एक्सल, मग इंजिन

जुनी जीप नुकतीच घेतलेला माणूस माझ्याकडे आला की विचारतो ते इंजिनाबद्दल. पेट्रोलच ठेवू की डिझेल बसवू? टर्बो चालेल का? पाच गिअरचा बॉक्स कुठे मिळेल? त्यानंतर टायर, विंच, रंग. हिरव्याची नेमकी छटा कोणती यावरून तर मोठमोठी माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. मागच्या एक्सलबद्दल आपणहून कोणी विचारत नाही. तो खाली असतो, चिखलात असतो आणि फोटोत दिसत नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये मशिन ड्रॉइंग शिकवायचे. वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली सीजे-३बी जीप त्यांच्यामागे माझ्याकडे आली. मी कऱ्हाडची, त्यामुळे गाडी काढली की कुंभार्ली घाट ठरलेला. तिला फुलांच्या माळा घालून प्रदर्शनात उभी करायची माझी इच्छा नाही, चालवायची आहे. म्हणून माझं मत उघड सांगते. जुनी जीप खरोखर रस्त्यावर न्यायची असेल, तर पहिला पैसा मागच्या एक्सलवर घालावा. तोही वेग वाढावा म्हणून नव्हे, चाक गाडीला धरून राहावं म्हणून. आणि असा बदल करणाऱ्याला सरकारने चोरासारखं वागायला लावू नये.

ही गाडी आपल्याकडची म्हणावी इतकी आपली आहे. महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी इथेच बनू लागली. बॉनेट उंच असलेली, समोरून जरा गंभीर चेहऱ्याची. बॉनेट उंच करावं लागलं ते आतल्या उंच ‘हरिकेन’ इंजिनामुळे. २.२ लिटर, ७५ अश्वशक्ती. अमेरिकेत ही जीप १९६८ पर्यंत निघाली, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं. साखर कारखाने, पाटबंधारे, वनखातं, पोलीस, सगळ्यांनी ती वापरली. आज त्यातल्याच जीप लिलावातून, गोठ्यांतून, आमराईतल्या छपरांखालून बाहेर निघताहेत आणि तरुण मुलं त्या हौसेने उभ्या करताहेत. चांगली गोष्ट आहे. काळजी वाटते ती पुढच्या भागाची.

या जीपचा मागचा एक्सल डाना ४४ जातीचा आहे. डिफरन्शियल दणकट. त्याचं क्राउन व्हील साडेआठ इंची आणि एवढ्याशा गाडीला ते पुरून उरतं. क्राउन-पिनियनबद्दल माझी फारशी तक्रार नाही. नव्वद नंबरचं चांगलं तेल, पिनियनचं सील धड आणि पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर तेल तपासायची सवय, एवढ्यावर ते वर्षानुवर्षं चालतं. (एक सांगून ठेवते: डिफरन्शियलला जीएल-५ तेल घाला, पण तेच उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथल्या पितळी भागांना ते मानवत नाही.) कमजोरी आहे ती दोन्ही बाजूंच्या शाफ्टच्या टोकाला.

हा एक्सल ‘सेमी-फ्लोटिंग’ आहे. म्हणजे आतून येणारा शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही तोच पेलतो. डोक्यावर भरलेला हंडा ठेवून एखाद्याला रहाटही ओढायला लावावा, तसं. त्यातून या शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं, टेपर दिलेलं आहे. त्यावर हब बसतो, दोघांच्या खाचेत चौकोनी की बसते आणि बाहेरून नट आवळतात. टेपर कोरडा, स्वच्छ आणि नट दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असला तर सगळा जोर टेपरची पकड घेते. नट ढिला राहिला की तो जोर कीवर येतो. की खाचेत कुरतडत बसते. खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते.

आणि चीर एकदा पडली की तिला घाई नसते. ६.००-१६ च्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे चाक दर किलोमीटरला चारशे चाळीस वेळा फिरतं. गाडीच्या वजनाने शाफ्ट किंचित वाकलेलाच असतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याची खालची बाजू ताणली जाते, तीच वर आली की दाबली जाते. लाख किलोमीटरला ४ कोटी ४० लाख वेळा. पन्नास-साठ वर्षांच्या जीपचे किलोमीटर कोणाला ठाऊक? मीटर बहुधा दोन पिढ्यांपूर्वीच बंद पडलेला असतो.

धातू थकतो हे माणसाला एक्सलनेच शिकवलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा एक्सल मोडला. डबे एकावर एक चढले, आग लागली. पन्नासाहून अधिक माणसं गेली. त्यांत जगप्रदक्षिणा करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हील सहकुटुंब होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये रँकिनने मोडलेल्या एक्सलांचे तुकडे पाहिले, जर्मनीत व्होलरने एक्सल यंत्रावर फिरवून-फिरवून मोडले, आणि कमी भारही पुन्हा पुन्हा आला तर पोलाद तुटतं हे आकड्यांनी मांडलं. वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मुलांच्या हातात एक तुकडा द्यायचे. चाचांच्या, म्हणजे माझ्या जीपच्या मिस्त्रींच्या, भंगारातून आणलेला टेपरचा बुंधा. तुटलेल्या तोंडावर खाचेच्या कोपऱ्यापासून निघालेल्या बारीक कमानी दिसतात, ओहोटीच्या वेळी वाळूवर राहतात तशा रेषा. कडेला जेमतेम तिसरा हिस्सा खरबरीत, चकाकता. म्हणजे शेवटच्या दिवशी अख्खी गाडी तेवढ्यावर चालत होती. मुलं तुकडा उलटसुलट करून बघायची आणि न सांगताच गप्प व्हायची.

हा शाफ्ट टेपरला तुटला की होतं काय, ते एकेक करून पाहा. बेअरिंग आतल्या बाजूला, हब बाहेर. त्यामुळे हब, ब्रेकचा ड्रम आणि चाक एकत्र निघून जातात. डिफरन्शियल साधं, एक बाजू मोकळी झाली की सगळी फिरकी त्याच बाजूला जाते, म्हणजे इंजिनाचा ब्रेक गेला. ड्रम नसल्याने पायाने ब्रेक दाबताच शूज फाकतात, सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात आणि तेल रस्त्यावर सांडतं. या जीपचं ब्रेकचं तेल चारही चाकांना एकाच मार्गाने जातं, म्हणून पायाचा ब्रेक चौघांचाही गेला. आता हँडब्रेक. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, तो धरतो. म्हणजे तोही त्याच तुटलेल्या एक्सलच्या भरवशावर. प्रोपेलर शाफ्ट घट्ट धरला तरी उरलेलं चाक फिरतच राहतं. एक शाफ्ट तुटला की गाडी थांबवायचे तिन्ही मार्ग एका क्षणात बंद. फोर-व्हील लावलेली असेल तर पुढची चाकं काहीतरी धरतील, पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून कोणी घाट उतरत नाही आणि उतरूही नये.

सपाट रस्त्यावर यातून माणूस वाचतो. कुंभार्लीत, वरंध्यात काय होईल ते लिहायला नको. त्यात हल्ली रुंद टायरची हौस आहे. रिम अशी बसवतात की चाक फेंडरच्या बाहेर वीतभर येतं. गाडी ऐटदार दिसते खरी. पण चाक जितकं बाहेर, तितका शाफ्टवरचा वाकवणारा जोर जास्त. आणि वर दोनशे न्यूटन-मीटरहून जास्त जोराचं टर्बो डिझेल. मूळ इंजिनाचा जोर १५५ च्या आसपास आहे. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये तोच चाकांपर्यंत जाईतो ३७ पट होतो. ३७ ने कशाला गुणताय, याचा हिशेब टर्बो बसवणाऱ्या एकानेही माझ्यासमोर केलेला नाही.

मग करायचं काय? पहिलं काम फुकटाचं नाही, पण स्वस्त आहे. दोन्ही हब पुलरने ओढून काढा, टेपर आणि की पाहा, रंग टाकून चीर तपासा. या जुन्या हबना साधा पुलर पुरत नाही, जड पुलर आणि घण लागतो, म्हणूनच गॅरेजवाले टाळतात. टाळू देऊ नका. शाफ्ट शंकास्पद वाटला तर बदला, पण कशाने बदलता ते विचारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही नमुना द्या, ईएन-२४ चा शाफ्ट हुबेहूब बनवून मिळतो. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. मात्र मोजमाप जुळलं म्हणजे शाफ्ट झाला नाही. हार्डनिंग कुठे केलं, किती खोल केलं आणि खाचेच्या कोपऱ्याला गोलाई दिली का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेथवरच्या हत्याराचा एक ओरखडासुद्धा चिरेला जन्म द्यायला पुरतो.

दुसरा मार्ग म्हणजे टेपर आणि की काढूनच टाकायची. शाफ्ट आणि बाहेरची तबकडी एकसंध असलेले शाफ्ट डाना ४४ साठी परदेशात तयार मिळतात. कीची कटकट संपते, पण वजन शाफ्टवरच राहतं. मला पटतो तो तिसरा मार्ग: फुल-फ्लोटिंग. यात एक्सलच्या नळीच्या टोकाला स्पिंडल बसतं, त्यावर दोन बेअरिंगवर हब फिरतो आणि वजन नळी पेलते. शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. तो तुटला तर गाडी ओढायची थांबते, चाक आणि ड्रम जागेवर राहतात, पायाचा ब्रेक शाबूत राहतो. हमरस्त्याला ट्रकवाला चाक न उचलता आठ बोल्ट खोलून शाफ्ट बाहेर ओढताना पाहिलाय ना? तीच रचना.

इथे ‘ओरिजिनल’वाले भुवया उंचावतात. जीपला जे नव्हतं ते कशाला घालायचं, म्हणतात. त्यांच्यासाठी एक माहिती. दुसऱ्या महायुद्धात लढलेली विलीज एमबी, जिच्यापासून हे सारं कुळ निघालं, तिचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंगच होता. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी सीजे निघाली, तिच्याही सुरुवातीच्या गाड्यांत तो होता. सेमी-फ्लोटिंग नंतर आलं. मी फुल-फ्लोटिंग बसवते तेव्हा घरातून गेलेली वस्तू घरात परत येते. परीक्षकांनी गुण कापायचेच असतील तर खुशाल कापावेत.

अख्खाच एक्सल दुसऱ्या गाडीचा टाकण्याचीही टूम आहे; बोलेरोचा सहज मिळतो म्हणून. त्यात ब्रेक मोठे येतात ही जमेची बाजू, कारण मूळचे नऊ इंची ड्रम आजच्या रहदारीला अपुरेच आहेत. पण जीपच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम सव्वा मीटर. रुंद एक्सल टाकला की चाकं बाहेर, नाहीतर नळी कापून वेल्डिंग, आणि वेल्डिंग वाकडं गेलं की दोन्ही बेअरिंगांचे हाल. दुसरी गोम अशी की जीपच्या ट्रान्स्फर केसमधून मागचा शाफ्ट मधोमध निघत नाही, उजवीकडून निघतो, आणि म्हणून तिचं डिफरन्शियलही उजवीकडे सरकलेलं असतं. मधोमध डिफरन्शियल असलेला एक्सल खाली बसवला की प्रोपेलर शाफ्ट तिरका जातो. शाफ्ट आधीच आखूड, ऐंशी इंची व्हीलबेसची गाडी. क्रॉस खातच राहतो.

आता रेशोचं. हा विषय निघाला की लोकांचे डोळे लकाकतात. या जीपचा मूळ रेशो ५.३८. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३. ताशी ऐंशीला इंजिन ३१६० फेरे घेतं, कानठळ्या बसतात. ४.२७ चा क्राउन-पिनियन टाकला की तेच अडीच हजारावर येतं. मोह होणारच. पण मागे बदललं की पुढेही बदलावं लागतं, याला पर्याय नाही. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ ठेवून फोर-व्हील लावली, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि जे कमजोर असेल ते तुटतं. ‘मी फोर-व्हील लावतच नाही’ असं म्हणणाऱ्याने जीप का घेतली हे मला कळत नाही. शिवाय चढावरचा पाचवा हिस्सा जोर जातो. मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, तो फसतो. गाडी ऐंशीने पळते आणि काटा त्रेसष्टवर. हायवेचा इतकाच सोस असेल तर ट्रान्स्फर केसच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह शोधावा. इंजिनाचे फेरे चौथ्या हिश्शाने कमी होतात, पुढचं-मागचं नातं बिघडत नाही आणि नको तेव्हा तो बंद ठेवता येतो. महाग आहे, दुर्मीळ आहे, पण क्राउन-पिनियनला हात लागत नाही.

हात लावायचाच झाला तर ज्याला शिम लावता येतात त्याच्याकडेच जा. क्राउन आणि पिनियनमधला प्ले मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा असतो. चाचा दातांना निळा रंग लावून हाताने फिरवतात, ठसा दाताच्या मधोमध पडेपर्यंत पुन्हा खोलतात, पुन्हा शिम बदलतात. मी डायल गेज लावून त्यांची परीक्षा घ्यायला गेले होते. “ताई, तुमचं घड्याळ बरोबर बोलतंय का ते आधी बघा,” म्हणाले. घड्याळ बरोबर होतं, तेही. लॉकरबद्दल विचाराल, तर दोन्ही चाकं बांधून टाकणारा लॉकर कोकणातल्या लाल चिखलात देवासारखा वाटतो. पण अडकलेल्या एकाच चाकावर सगळा जोर आला की जुना शाफ्ट तिथेच हात टेकतो. म्हणून आधी शाफ्ट, नंतर लॉकर.

कायद्याकडे येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. धोरण योग्यच आहे. नाहीतर रस्त्यावर काय काय धावेल सांगता येत नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी, नंबरात ‘व्हीए’, नोंदणीचे वीस हजार. ‘मूळ रूप’ म्हणजे काय हे सांगताना तो नियम चॅसी, बॉडी आणि इंजिनाचं नाव घेतो. एक्सल आणि ब्रेक यांचा उल्लेख नाही. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बाजाराला नाही, शेतावर नाही. माझ्यासारखीला तो नंबर नकोच आहे.

मग आम्ही राहतो साध्या नोंदणीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. तिथे चॅसी नंबरचा ठसा घेतात, दिवे बघतात, हॉर्न वाजवतात, धुराचा कागद मागतात. जुन्या जीपचं मागचं चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलं जाताना मला तरी दिसलेलं नाही. रंग बदलला तर नोंद हवी, आणि तीच गाडी साठ वर्षांच्या चिरलेल्या शाफ्टवर आली तर कागदोपत्री निर्दोष! उलट ज्याने स्वतःच्या खर्चाने फुल-फ्लोटिंग बसवलं, तो ‘आल्टर’ शब्दाला घाबरून इन्स्पेक्टरसमोर चिखल न धुताच गाडी नेतो.

मागणी मोठी नाही. सीएनजी किटला जशी मान्यता आणि नोंद आहे, तशीच जुन्या गाड्यांच्या सुरक्षेसाठी केलेल्या बदलांना द्यावी: फुल-फ्लोटिंग एक्सल, दोन मार्गांचा ब्रेक, मोठे ड्रम किंवा डिस्क, सीटबेल्ट. इंजिनाची ताकद, व्हीलबेस, रुंदी बदलायची नाही ही अट घालावी. शाफ्टच्या पोलादाचा आणि हार्डनिंगचा दाखला, पात्र अभियंत्याची सही, आणि नोंदणी पुस्तकात एक ओळ. राज्यभर पॉलिटेक्निक आहेत, त्यांत टेस्टिंगच्या प्रयोगशाळा आहेत, रंग टाकून चीर शोधायला तिथली दुसऱ्या वर्षाची पोरंही शिकतात. फी लावा, आम्ही भरू. आणि पन्नास वर्षांवरच्या प्रत्येक टेपर एक्सलच्या गाडीचे मागचे हब पासिंगआधी एकदा काढून तपासल्याचा कागद सक्तीचा करा. गॅरेजवाले कुरकुरतील. चाचा तर आतापासूनच विचारताहेत की जड पुलरचं भाडं गिऱ्हाइकाकडून घ्यायचं की सरकारकडून.